रूळ ओढणारे आणि संघात येणारे

फेब्रुवारी 2020 मध्ये भुवनेश्वरला पहिली खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धा भरली. 1 मार्चला ती संपली तेव्हा पदकांच्या तक्त्यात आपले सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ दुसरे होते. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठाची सुवर्णपदके 17 आणि आपलीही 17; रौप्यपदके त्यांची अधिक म्हणून ते पहिले. तीन आठवड्यांनी टाळेबंदी आली आणि 2019-20 हे सारे शैक्षणिक वर्षच विस्कटले. त्या वर्षाचा विषय निघाला की माणसे रखडलेल्या परीक्षांविषयी बोलतात, त्या पदकांविषयी कोणी बोलत नाही. मी इतिहास शिकवतो. मला तो तक्ता विसरता येत नाही. त्यात खेळाडूंच्या वतीने विद्यापीठाचे नाव लिहिले आहे, आणि ज्या विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव आहे त्या विद्यापीठाच्या वतीने मैदानात उतरण्याचा मान कोणाला मिळतो, कोणाला मिळत नाही, हे विचारणे माझ्या विषयाचेच काम आहे असे मी समजतो.

आपल्या चळवळीने पाणवठ्यावर हक्क सांगितला, मंदिरावर सांगितला, शाळेवर, जमिनीवर, नोकरीतील जागांवर सांगितला. मैदानावर मात्र आपण हक्क सांगितला नाही. खेळ ही भरल्या पोटाची चैन आहे, आपल्या पोरांनी पुस्तक धरावे, असे आपणच म्हणत आलो. हे म्हणण्यामागचे दुःख मला कळते. माझ्या वडिलांनीही मला तेच सांगितले. पण त्यामुळे एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटली. या देशात अस्पृश्य माणूस सार्वजनिक कर्तृत्वाच्या जोरावर सवर्णांच्या शेजारी प्रथम उभा राहिला, तेव्हा त्याच्या हातात पदवी नव्हती, चेंडू होता. आणि त्या मैदानावर तो खेळाडू म्हणून आलाच नव्हता. रूळ ओढणारा म्हणून आला होता.

पालवणकर बाळू यांचा जन्म 1876 चा. मूळ गाव रत्नागिरीजवळचे पालवण, जात चांभार, वडील सैन्याच्या नोकरीत. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या सामानावर या भावंडांनी पुण्यात खेळ शिकला. बाळूंची पहिली नोकरी पारशांच्या क्लबात: खेळपट्टी झाडायची, रूळ फिरवायचा, सभासदांना हवे तेव्हा चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये. पुढे 1892 च्या सुमारास गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले, तेथे चार रुपये. जाळी बांधायची, खेळपट्टी तयार करायची, आखणी करायची, आणि साहेब सरावाला आला की गोलंदाजी करायची. ग्रेग नावाचा त्या काळचा नामांकित इंग्रज फलंदाज बाळूंच्या चेंडूवर तासन् तास सराव करी. बाद झाला की आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. पण बाळूंच्या हाती बॅट कधी दिली गेली नाही. फलंदाजी ही मालकांची आणि गोलंदाजी चाकरांची, हा इंग्रजांचा वर्गभेद आमच्या वर्णभेदात किती बेमालूम मिसळला ते येथे दिसते.

नंतर पुण्याच्या हिंदूंना युरोपियनांना हरवायचे होते आणि त्यासाठी हा डावखुरा गोलंदाज हवा होता. त्यांनी त्याला घेतले. मैदानात त्याने टाकलेला चेंडू सगळे हाताळीत. चहाच्या वेळी मात्र इतर खेळाडू मंडपात चिनी मातीच्या कपातून चहा पीत आणि बाळूंना तो मंडपाबाहेर, वापरून फोडून टाकायच्या मातीच्या भांड्यात मिळे. जेवणाचे ताट वेगळे, बसण्याची जागा वेगळी. तोंड धुवायला पाणी द्यायचे तेही त्याच्याच जातीच्या गड्याने. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता. ज्या वस्तूवाचून जिंकता येत नाही तिला विटाळ लागत नाही, हे आमच्या धर्मशास्त्रातले न लिहिलेले वचन आहे.

आता 1911 साल घ्या. पतियाळाच्या तरुण महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा पहिला सर्वजातीय संघ इंग्लंडला गेला. 23 सामन्यांपैकी संघाने 6 जिंकले, 15 हरले. या पडझडीत बाळूंनी 114 बळी घेतले, सरासरी 18.84. त्यांचा भाऊ शिवराम हाही त्या संघात होता. ते परत आले तेव्हा मुंबईच्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला, आणि त्या प्रसंगीचे मानपत्र लिहिण्यात भीमराव आंबेडकर नावाच्या एका विद्यार्थ्याचा हात होता, अशी हकिगत रामचंद्र गुहा यांनी आपल्या क्रिकेटच्या इतिहासात दिली आहे.

त्या वर्षी बाबासाहेब मुंबई विद्यापीठाच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात बी.ए.च्या वर्गात होते. बडोद्याच्या महाराजांची दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती होती. महाविद्यालयातील उपाहारगृहाचा चालक ब्राह्मण होता. तो त्यांना चहाच काय, पाणीही देत नसे. एकाच शहरात, एकाच काळात, अस्पृश्यांतील दोन कर्तबगार माणसांना आपण पाहतो. एक देशाच्या संघात आहे पण विद्यापीठात पाऊल ठेवू शकलेला नाही. दुसरा विद्यापीठात आहे, पण ज्या विद्यार्थ्याला कॉलेजात पाण्याचा पेला मिळत नाही त्याला त्या कॉलेजच्या जिमखान्यात कोणते स्थान असणार? दोघांच्या मध्ये तोच एक चहाचा कप उभा आहे. विद्यापीठाचा विद्यार्थी आणि विद्यापीठाचा खेळाडू या दोन गोष्टी एकाच अस्पृश्य देहात एकत्र येणे त्या वर्षी अशक्य होते. म्हणून मला 1911-12 हे शैक्षणिक वर्ष, कोणत्याही कॉलेजच्या वार्षिक अहवालापेक्षा, त्या मानपत्रात वाचावेसे वाटते.

कप्तानपदाची गोष्ट याहून बोलकी आहे. 1906 मध्ये हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरवले. त्या विजयात बाळू आणि शिवराम दोघेही होते. त्यानंतर दरवर्षी हिंदू संघ बाळूंच्या खांद्यावर उभा राहिला आणि दरवर्षी कप्तान दुसराच झाला. 1913 मध्ये कप्तान पै यांनी आपल्या सत्काराच्या वेळी हा मान बाळूंचा होता असे उघड सांगितले; एवढा प्रामाणिकपणा दाखवणाऱ्या माणसाची नोंद आपण केली पाहिजे. 1920 मध्ये पै पहिल्या सामन्याला येऊ शकत नव्हते. बाळूंना संघातूनच वगळले होते. त्यांचा धाकटा भाऊ विठ्ठल हा तेव्हा संघातला अग्रगण्य फलंदाज. ज्येष्ठतेने आणि कामगिरीने मान त्याचा. नेमणूक झाली दि. ब. देवधरांची. देवधर पुण्यात संस्कृतचे प्राध्यापक होते. ते मोठे फलंदाज होते यात वाद नाही. पुढे 1926 मध्ये एमसीसीविरुद्ध त्यांनी काढलेल्या 148 धावा सर्वांना ठाऊक आहेत. पण 1920 मध्ये विठ्ठलापुढे त्यांची बाजू कशाने जड झाली? विठ्ठल आणि शिवराम यांनी जातीमुळे आपल्याला डावलले असे वर्तमानपत्रातून जाहीर करून संघातून अंग काढून घेतले. अस्पृश्य खेळाडूंनी केलेला हा बहिष्कार महाडच्या सत्याग्रहाच्या सात वर्षे आधीचा आहे. आपल्या चळवळीच्या इतिहासात त्याला अजून ओळभरही जागा मिळालेली नाही. त्याचा परिणाम झाला. पुढच्या सामन्याला पै परतले, तिन्ही भाऊ संघात आले, बाळू उपकप्तान झाले. आणि 1923 मध्ये विठ्ठल हिंदू संघाचा कप्तान झाला, संघ जिंकला, सवर्ण प्रेक्षकांनी त्याला खांद्यावर घेतले. विठ्ठल यांनी 1948 मध्ये ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत प्रसिद्ध केले. आपल्या आत्मकथनांची परंपरा सांगताना या पुस्तकाचे नाव कोणी घेत नाही. खेळाडूचे पुस्तक म्हणून ते वेगळ्या कपाटात गेले असावे.

येथे एक अडचणीची बाब टाळून पुढे जाता येणार नाही. 1937 च्या निवडणुकीत मुंबईत बाळू हे काँग्रेसच्या वतीने बाबासाहेबांच्या विरुद्ध उभे होते. बाबासाहेबांना 13,245 मते पडली, बाळूंना 11,225. धर्मांतराच्या प्रश्नावरही ते बाबासाहेबांच्या बरोबर नव्हते. त्यामुळे आपल्याकडच्या पुष्कळांनी बाळूंचे नाव टाकून दिले. मला हे मान्य नाही. त्यांचे राजकारण चुकले असे मी म्हणेन. परंतु ज्या माणसाला आयुष्यभर ‘संघात घेतले’ जाण्याची वाट पाहावी लागली, त्याला हिंदू समाजानेही एक दिवस पूर्णपणे संघात घ्यावे अशी आशा सुटली नसेल तर त्यात आश्चर्य काय? बाबासाहेबांनी तो संघच नाकारला. दोन माणसांनी एकाच अपमानातून काढलेले हे दोन निष्कर्ष आहेत, आणि तरुण अभ्यासकांनी दोन्ही वाचले पाहिजेत.

आता विद्यापीठाकडे या. आंतरविद्यापीठ क्रिकेटचा रोहिंटन बारिया करंडक 1935-36 मध्ये सुरू झाला. तेच शैक्षणिक वर्ष बाबासाहेब मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून पदावर आले त्याचे. त्याच वर्षी ऑक्टोबरात येवल्याची घोषणा झाली. प्राचार्यांच्या खुर्चीत अस्पृश्य बसला, पण त्या काळी विद्यापीठाचे क्रिकेट म्हणजे मुंबई-पुण्याच्या मोजक्या कॉलेजांचा, घरून पांढरे कपडे धुऊन मिळणाऱ्या मुलांचा खेळ होता. सिद्धार्थ महाविद्यालय 1946 मध्ये निघाले तेव्हा कुठे आपली मुले मोठ्या संख्येने कॉलेजच्या मैदानापर्यंत पोहोचू लागली.

गरीब खेळाडूला विद्यापीठातून वाट कशी मिळते याचे एकच उदाहरण सगळे देतात: खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचा शेतकऱ्याचा मुलगा, कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचा विद्यार्थी. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते. प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकून 7,000 रुपये दिले आणि खाशाबांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक आणले. गोष्ट खरी आहे, आणि वर्गात सांगताना माझाही गळा दाटतो. पण जी व्यवस्था प्राचार्याच्या घरावर चालते ती व्यवस्था नव्हे. खर्डेकरांचे घर एक होते, खाशाबा पुष्कळ होते.

आमच्या बारामती-इंदापूर भागात विद्यापीठाचे क्रीडावर्ष कसे जाते ते सांगतो. जूनमध्ये प्रवेश, जुलै-ऑगस्टात महाविद्यालयाच्या निवड चाचण्या, मग आंतरमहाविद्यालयीन सामने. तेथून विभागाचा संघ: पुणे शहर, पुणे जिल्हा, नगर आणि नाशिक. विभागांच्या आपसातील सामन्यांतून विद्यापीठाचा संघ. तो पुढे पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो, बहुधा थंडीच्या दिवसांत. कागदावर ही शिडी सरळ आहे. पण आमच्याकडे आणखी एक वर्ष चालते, कारखान्याचे. नीरेचा डावा कालवा 1885 मध्ये आला, ऊस आला, कारखाने आले. दिवाळीच्या आसपास गळीत सुरू होते ते मार्चच्या पुढेपर्यंत. विद्यापीठाच्या संघाचे दिवस आणि उसाचे दिवस हे एकच दिवस आहेत. बागायतदाराचा मुलगा त्या दिवसांत सरावाला मोकळा असतो, कारण त्याच्या उसाला दुसऱ्याचे हात लागलेले असतात. ज्याचे हात लागलेले असतात त्याच्या घरचा मुलगा सायंकाळी साडेपाचला मैदानात नसतो. तो भरणीला गेलेला असतो, नाहीतर एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला. मुलीची अडचण आणखी साधी आहे: सराव संपतो आणि शेवटची एस.टी. गेलेली असते.

यात जात कोठे आली, असे मला एका सहकाऱ्याने विचारले. त्यांचा प्रश्न निर्मळ होता. निवड समिती जात विचारीत नाही, हे मीही मान्य केले. समितीला ती विचारावी लागत नाही. चाचणीच्या दिवशी मैदानावर कोण येऊ शकतो हे आधीच ठरलेले असते, आणि जमीन कोणाकडे आणि मजुरी कोणाकडे हे गावाने कशावरून ठरवले ते सांगायला इतिहासाचा प्राध्यापक लागत नाही.

कबड्डीचेच पाहा. हा आमच्या भागाचा खेळ. पिंपळीतल्या कोणत्याही आळीत पोरे दम घुमवताना दिसतील. (स्पर्श करून बाद करण्याचा खेळ या देशाने शोधावा आणि तो शिवाशिवीच्या गावात इतका रुजावा, याचे मला लहानपणापासून नवल वाटत आले आहे.) मातीत खेळायचा म्हणून तो आपल्याला परवडत होता. आता वरच्या पातळीवरचे सामने मॅटवर होतात. मातीत अनवाणी वाढलेला चढाईपटू बूट घालून मॅटवर उतरला की पहिल्याच वळणाला त्याचा पाय फसतो. दोष त्याच्या पायाचा नाही. पण पंच शिट्टी वाजवतो ती त्याच्यासाठी.

आणि आता माझी गोष्ट. मी ज्या महाविद्यालयात शिकलो तेथे ‘कमवा आणि शिका’ योजनेत होतो. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाची ही योजना नसती तर मी पदवीधर झालो नसतो, आमच्या घरात तोवर कोणी नव्हते. मला काम मिळाले मैदानाचे. पहाटे दगड वेचायचे, पाणी मारायचे, रूळ ओढायचा आणि फक्कीने आखणी करायची. मला कबड्डी येत होती, चांगली येत होती. पण सरावाची वेळ आणि माझ्या कामाची वेळ एकच. संघ सराव करी आणि मी शेजारच्या मैदानाच्या रेषा ओढी. एकदा एक खेळाडू कमी पडला म्हणून मला आत बोलावले. दोन चढायांत मी चार गडी मारून आलो. शिक्षक हसले, म्हणाले, “छान. आता ती पलीकडची रेषा तेवढी पुरी कर.” त्यांच्या मनात वाईट काही नव्हते असे मला आजही वाटते. पगार तासावर होता, आणि तास भरायचा होता. मी रेषा पुरी केली. त्या वेळी मला पालवणकर बाळू हे नाव माहीत नव्हते. कित्येक वर्षांनी ते तीन रुपये, चार रुपये आणि रूळ वाचला तेव्हा पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिलो.

हा काही केवळ मानाचा प्रश्न नाही. महाराष्ट्र शासनाच्या 2005 च्या निर्णयाने प्रावीण्यप्राप्त खेळाडूंना शासकीय नोकरीत 5 टक्के समांतर आरक्षण आहे. प्रावीण्य म्हणजे प्रमाणपत्र, प्रमाणपत्र म्हणजे स्पर्धा, आणि स्पर्धेची पहिली पायरी म्हणजे महाविद्यालयाचा संघ. जो मुलगा सरावाच्या वेळी फक्की ओढतो त्याचे नाव त्या पहिल्या पायरीवरच गळते. अनुसूचित जातीच्या मुलांना खेळाडूंच्या या आरक्षणातही त्यांच्या प्रवर्गात जागा असतात. त्या भरायला प्रमाणपत्र असलेली मुले लागतात. नोकरीतील जागांसाठी आपण मोर्चे काढतो. त्या जागेकडे जाणारी ही वाट सायंकाळी साडेपाच वाजता कॉलेजच्या मैदानावरून जाते हे आपल्या विद्यार्थी संघटनांनी अजून ध्यानात घेतलेले नाही.

यंदा मी आमच्या महाविद्यालयात एक अर्ज दिला आहे. मागणी लहान आहे. कमवा-शिकाच्या मुलांना मैदानाचे काम द्यायचे तर ते सकाळच्या वेळात द्यावे, आणि त्यांतील जो संघात निवडला जाईल त्याच्या सरावाचे तास कामाचे तास म्हणून धरावेत. बैठकीत यावर चर्चा झाली. एकाने विचारले, खेळल्याचे पैसे कसे देणार? मी म्हटले, बाळूला साहेबाने गोलंदाजीचे दिले होते. कोणी हसले नाही, बहुधा बाळू कोण हे ठाऊक नव्हते. हजेरीपटात तसा रकाना नाही, असे कार्यालयाने सांगितले. रकाना आखता येतो, मी आखून देतो, असे मी म्हणालो. आखणीची मला सवय आहे. अर्ज अजून प्राचार्यांच्या टेबलावर आहे. चाचण्या पुढच्या सोमवारी सुरू होत आहेत. फक्कीची पोती कोठीत आली आहेत आणि कोठीची किल्ली नेहमीप्रमाणे कमवा-शिकाच्या मुलाकडे आहे. तो द्वितीय वर्षाला आहे, मजुराचा मुलगा आहे, आणि उजव्या कोपऱ्यातून चढाई करतो. त्याचे नाव मी चाचणीच्या यादीत घातले आहे. सोमवारची आखणी मी करणार आहे.